बंद पडून राहिलेल्या ॲम्बेसेडर-जीपचा धूर आणि स्क्रू टाइप कॉम्प्रेशन गेज: घ्यावं का, वापरावं कसं

विदर्भातल्या गावांत वाड्यामागे, कोठ्यात, नाहीतर टिनाच्या शेडखाली पेट्रोलच्या ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि सीजे-३बी जीप अजून उभ्या आहेत. पाच-दहा वर्षं न हललेली अशी गाडी चालू केली की धूर येतोच. तालुक्याच्या ठिकाणी त्यावर पहिला निकाल मिळतो तो ‘रिंग-पिस्टन गेले, इंजिन खोला’. हा निकाल बऱ्याचदा चुकतो, आणि त्यात नुकसान फक्त पैशाचं होत नाही. सिलेंडर आतून कातून मोठा केला, म्हणजे बोअर केला, की प्रत्येक वेळी त्याच्या भिंतीतलं लोखंड कमी होतं आणि शेवटी आत स्लीव्ह (नवी नळी) टाकायची पाळी येते. ॲम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली, पद्मिनी त्याच्या बरीच आधी. चांगला ब्लॉक मिळणं आता सोपं राहिलेलं नाही. म्हणून हेडच्या नटाला पाना लावण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलंच पाहिजे, आणि ते मोजणारं साधं गेज अशा गाडीच्या मालकाने स्वतःजवळ ठेवावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

पेटीत येतं ते असं: ० ते ३०० पीएसआयचा (दर चौरस इंचाला पौंड) डायल, फूट-दीड फूट रबरी नळी, १०, १२, १४ आणि १८ एमएम आट्यांचे अडॅप्टर, प्रेशर सोडायचं छोटं बटण. बिनानावाचा संच नागपूर-अमरावतीच्या ऑटो स्पेअरच्या दुकानांत किंवा ऑनलाइन साधारण हजार-दोन हजारांत येतो. वरच्या तिन्ही गाड्यांना १४ एमएमचा अडॅप्टर लागतो. टोकाला रबराचा शंकू असलेलं, प्लगच्या भोकावर हाताने दाबून धरायचं गेज स्वस्त असतं, पण हात जरा हलला की हवा निसटते आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. ते घेऊ नका.

स्क्रू टाइपमध्येही, म्हणजे प्लगच्या भोकात पिळून बसवायच्या गेजमध्येही, दोन गोष्टी दुकानातच पाहून घ्यायच्या. पहिली म्हणजे नळीच्या टोकात, प्लगकडच्या बाजूला बसवलेला छोटा वॉल्व्ह. तो दिसायला टायरच्या वॉल्व्हसारखा असतो, पण त्याची स्प्रिंग फार मऊ असते. तो खराब झाला की पंक्चरवाल्याकडून टायरचा वॉल्व्ह घेऊन बसवला जातो आणि तिथून गेज खोटं बोलायला लागतं. टायरच्या वॉल्व्हची स्प्रिंग कडक, त्यामुळे सगळ्याच सिलेंडरचे आकडे खाली येतात आणि धडधाकट इंजिन थकलेलं दिसतं. हा वॉल्व्ह नळीच्या टोकाऐवजी डायलजवळ असेल तरी तेच होतं, कारण नळीतली पोकळी सिलेंडरच्या पोकळीत मिळते. वापरलेलं गेज विकत घेत असाल तर हे आधी तपासा.

दुसरी गोष्ट आट्यांची लांबी. अडॅप्टर आणि गाडीचा प्लग शेजारी धरून पाहा. जीपच्या इंजिनाचा प्लग आखूड आट्यांचा असतो. त्यात लांब आट्यांचा अडॅप्टर पूर्ण पिळला तर तो आत डोकावतो आणि इंजिनाच्या वॉल्व्हला किंवा पिस्टनला लागायची भीती असते. अशा वेळी वर तांब्याचे वॉशर घालून लांबी जुळवावी. अडॅप्टरच्या ओ-रिंग आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन वर्षांत कडक होतात, तेव्हा जादाच्या चार-सहा घेऊन ठेवा. पाना लावून अडॅप्टर आवळायची गरज नसते, ओ-रिंगसाठी हाताचा जोर पुरतो.

पण गेज लावायच्या आधी धूर वाचता आला पाहिजे, कारण अर्ध्या तक्रारी तिथेच निकालात निघतात. पांढरा धूर पाहून लोक सर्वांत आधी घाबरतात आणि तोच बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये ते थेंब होऊन साचतं आणि पावसाळाभर उभ्या गाडीत हवेतला ओलावाही तिथेच बसतो. हा पांढरा धूर वाफ असते, ती सायलेन्सरपासून दोन-चार हातांवर विरून जाते आणि पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली की संपते. ती संपत नसेल तर थर्मोस्टॅट आहे का ते पाहा. आपल्याकडे ‘उन्हाळ्यात गाडी तापते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी सवय आहे. अशा इंजिनाला डिसेंबर-जानेवारीत नीट गरमी धरता येत नाही, वाफ येतच राहते आणि मिस्त्री हेड गॅसकेटवर (हेड आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगवर) बोट ठेवतो.

खरोखर गॅसकेट गेलं असेल तर पांढरा धूर हवेत रेंगाळतो. कूलंट असेल तर गोडसर वास येतो, मात्र रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरवेलचं साधं पाणी भरलेलं असेल तर तो वासही मिळणार नाही. त्यासाठी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, गाडी चालू करा आणि पाण्यात सलग बुडबुडे येतात का पाहा. पाणी गरम व्हायच्या आधी हे संपवा. इंजिन तापलेलं असताना झाकणाला हात लावायचा नाही.

दाट पांढरा धूर येतोय, पाणी कमी होत नाही आणि सर्वो बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) असलेली गाडी आहे, तर ब्रेक ऑइलची डबी बघा. वर्षानुवर्षं उभं राहून मास्टर सिलेंडरचे वॉशर कडक होतात, ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये झिरपतं आणि तिथून मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) व्हॅक्यूमने इंजिनात ओढलं जातं. बूस्टरची नळी काढून आत बोट फिरवलं की ओल लागते. या धुरासाठी इंजिन खोललं तर ते पूर्ण वाया जातं आणि ब्रेक तसेच धोक्यात राहतात.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. चोकची केबल गंजून अडकलेली असते, फ्लोटच्या सुईवर जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसलेला असतो, नाहीतर एअर फिल्टर कुटाराच्या धुळीने आणि उंदरांच्या घरट्याने भरलेला असतो. हे काम कार्बोरेटर साफ करून संपतं, गेजची गरज नाही.

निळ्या धुरात खरं डोकं लावावं लागतं. तो ऑइल जळल्याचा, पण ऑइल आत कुठून आलं ते धूर येण्याच्या वेळेवरून कळतं. सकाळी पहिल्या सेल्फला निळा भपका आला आणि मिनिटभरात गेला, तर वॉल्व्ह स्टेमची (वॉल्व्हच्या दांडीची) सील वाळली आहेत. रात्रभरात ऑइल गाईडमधून (ही दांडी सरकते त्या नळीतून) थेंबथेंब उतरलेलं असतं. परतवाडा-चिखलदरा घाटात उतारावर एक्सलेटर सोडून गाडी खाली आणली आणि पुन्हा पाय देताच मागे निळा लोट उठला, तरी रोख गाईड-सीलकडेच, कारण उतारावर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम वाढतो आणि गाईडमधलं ऑइल ओढतो. चढावर, भरल्या गाडीत, एक्सलेटर दाबलेला असताना सतत निळा धूर येत राहिला, तर मात्र पिस्टनच्या रिंगांचा संशय घ्यावा.

रिंगांचा संशय घेण्याआधी ऑइलची काडी काढून वास घ्या. हे काम कुणीही टाळू नये. जुन्या मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा उभ्या गाडीत वाळून फाटतो आणि पेट्रोल थेट चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या पेटीत) उतरतं. ऑइलची पातळी खुणेच्या वर जाते, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, रिंगांना ते पुसता येत नाही आणि निळा धूर सुटतो. काडीला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका. अशा ऑइलवर बेअरिंग जातात आणि चेंबरमधली वाफ पेट घेऊ शकते. पंपाचा पडदा बदला, पूर्ण ऑइल आणि फिल्टर बदला, मगच पुढे जा. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या काळचं रबर त्याला टिकत नाही, त्यामुळे पडदा इथेनॉल चालणाऱ्या रबराचाच मागा. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका, कारण इथेनॉल ओलावा शोषतं आणि पाण्यासह तळाशी वेगळं बसतं.

आणखी एक कारण आपल्या भागात हमखास सापडतं. कुंभारमाशी नळीच्या तोंडात मातीचं घर करते. ॲम्बेसेडरच्या इंजिनाच्या बाजूला टॅपेट कव्हरवरून निघणारी ब्रीदर नळी अशीच बुजते, ऑइल भरायच्या झाकणातली जाळीही गच्च होते. मग चेंबरमधला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि ऑइल रिंगांवरून, गाईडमधून वर ढकलतो. नळी काढून तारेने आणि हवेने साफ केली की कित्येक गाड्यांचा निळा धूर निम्म्यावर येतो. सायलेन्सरचं तोंडही त्याच वेळी पाहून घ्या.

एवढं करून धूर राहिला तर गेज हातात घ्यायचं. मात्र उभी गाडी थेट सेल्फवर फिरवायची नाही. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात साधारण १० मिली इंजिन ऑइल सोडा आणि एक दिवस तसंच राहू द्या. वरचं टॅपेट झाकण काढून हँडलने इंजिन हळूहळू दोन फेरे फिरवा आणि वॉल्व्ह वर-खाली होतात का ते एकेक करून बघा. ॲम्बेसेडर-पद्मिनीत आठही वॉल्व्ह इथे दिसतात. एखादा गाईडमध्ये जाम असेल तर सेल्फच्या झटक्याने पुशरॉड (वॉल्व्ह उघडायला जोर देणारी दांडी) वाकतो. हँडलला आडकाठी लागली तर जोर करू नका, आणखी ऑइल घालून थांबा. सगळं मोकळं झालं की प्लग नसतानाच, भोकांवर फडकं टाकून सेल्फ मारा. जादा ऑइल बाहेर उडेल आणि ऑइलचं प्रेशर वर येईल.

मोजणीच्या वेळी कॉइलची बारीक वायर काढून ठेवा आणि पेट्रोलची नळी बंद करा. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, एक ठिणगी पुरते. गाडी पऱ्हाट्यांच्या किंवा कुटाराच्या ढिगाजवळ उभी असेल तर आधी ढकलून मोकळ्यावर आणा. धुराची तपासणीही बंद शेडमध्ये करायची नाही. चारही प्लग काढलेलेच हवेत, एक काढून एक मोजणं नको. एक्सलेटर पूर्ण दाबून धरायला एक माणूस लागतो. तो न दाबता मोजणी केली तर हवा आत येत नाही आणि आकडा पडतो. बॅटरी पूर्ण चार्ज असावी. ट्रॅक्टरची बॅटरी जोडायला हरकत नाही, पण काही जुन्या गाड्यांत प्लस टोक अर्थला असतं, ते पाहूनच वायर लावा.

प्रत्येक सिलेंडरला पाच-सहा दाब होईपर्यंत सेल्फ द्या आणि पहिल्या झटक्याचा आकडा आणि शेवटचा आकडा दोन्ही कागदावर लिहा. पहिला आकडा बहुतेक लोक पाहतच नाहीत, आणि तोच जास्त बोलतो. चांगल्या सिलेंडरमध्ये काटा पहिल्याच झटक्यात शेवटच्या आकड्याच्या निम्म्यावर उडी घेतो. रिंग थकल्या असतील तर पहिली उडी छोटी आणि नंतर प्रत्येक झटक्याला थोडी थोडी चढ. वॉल्व्ह नीट बसत नसेल तर काटा खाली सुरू होतो आणि खालीच राहतो.

या जुन्या, कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनांत ११० ते १४० पीएसआयच्या दरम्यानचा आकडा समाधानाचा मानावा. चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटरवर, तेच इंजिन आठ-दहा टक्के कमी दाखवेल. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. चारही आकडे समाधानाचे आणि एकमेकांच्या दहा टक्क्यांत असतील तर इंजिन खोलायचं कारण नाही. एकच खाली असेल तर त्यात चहाचा चमचाभर, म्हणजे ५ मिली ऑइल सोडा, दोन फेरे फिरवा आणि पुन्हा मोजा. आकडा वीस-तीस पीएसआयने वर गेला तर गळती रिंगांवरून आहे. फारसा हलला नाही तर वॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलेंडर सारखेच पडलेले असतील आणि ऑइलने फरक पडत नसेल तर त्यांच्या मधलं हेड गॅसकेट फुटलेलं असतं. चमचाभर म्हणजे चमचाभरच. जास्त ऑइल ओतलं तर वरची पोकळी भरून आकडा खोटाच वाढतो.

वॉल्व्हवर संशय आला की आधी टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांतलं अंतर, मोजा. ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाला ०.०१५ इंच अंतर लागतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल झालं. शिशाचा आधार गेल्यामुळे जुन्या मऊ सीटवर (वॉल्व्ह टेकतो त्या कड्यावर) एक्झॉस्ट वॉल्व्ह हळूहळू आत रुततो, टॅपेटचं अंतर संपतं आणि वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. अंतर नीट लावून पुन्हा मोजलं की कधी कधी हरवलेलं कॉम्प्रेशन परत मिळतं.

उभ्या गाडीच्या पहिल्या दिवशीच्या मोजणीवर निर्णय घेऊ नये. रिंग खाचेत चिकटलेल्या असतात, वॉल्व्हच्या सीटवर गंजाचा पापुद्रा असतो. पहिली मोजणी एवढ्यासाठीच, की शून्याजवळचा सिलेंडर आहे का ते कळावं. तसा नसेल तर नवं २०डब्ल्यू-५० ऑइल भरून गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालवा, ऑइल पुन्हा बदला आणि मगची मोजणी खरी धरा. ७० पीएसआयवरून ११० वर आलेला सिलेंडर दिसला की इंजिन स्वतःच सावरतंय हे कळतं. नुसत्या धुरावरून ते कळलं नसतं.

गेजला एक गोष्ट दिसत नाही, आणि ती विकणारा सांगणार नाही. कॉम्प्रेशन वरच्या रिंग धरतात, ऑइल पुसायचं काम खालची ऑइल रिंग करते. ऑइल रिंगच्या खाचा कार्बनने बुजल्या असतील, किंवा गाईड सैल असतील, तरी चारही आकडे उत्तम येतात आणि मागे निळा धूर चालूच राहतो. ‘कॉम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे ऑइल जळत नाही’ असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. आकडे चांगले, सकाळचा भपका मोठा, उतारानंतर लोट, एवढी लक्षणं जुळली तर स्टेमची सील बदला. ॲम्बेसेडरमध्ये ते हेड न काढता होतं. पिस्टन थोडा खाली ठेवून प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, तिचं टोक बाहेर ठेवायचं आणि हँडलने पिस्टन वर आणायचा. दोरी वॉल्व्हला खालून आधार देते, स्प्रिंग दाबून कोलेट (स्प्रिंग अडकवून ठेवणाऱ्या बारीक खिट्ट्या) काढता येतात. जीपला ही युक्ती फक्त इनटेक वॉल्व्हपुरती, कारण त्या इंजिनाचे एक्झॉस्ट वॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात.

गेजने सिलेंडर पकडला, पण वाट कुठली ते ठरत नसेल, तर हवेची परीक्षा घ्या. लेथवाल्याकडून जुन्या प्लगच्या कवचाला हवेचं निपल ब्रेझिंग करून घ्या. तो सिलेंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडा. हँडल आधी काढून ठेवा, हवेच्या जोराने इंजिन फिरतं आणि हात मोडू शकतो. कार्बोरेटरमध्ये फुसफुस ऐकू आली तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. थोडी हवा रिंगांवरून सगळ्याच इंजिनांत जाते. ती ऐकून घाबरू नका, चारही सिलेंडर ऐकून तुलना करा.

धूर थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल आमचं मत वाईट आहे. त्यातला जाड द्रव ऑइल घट्ट करतो, धूर काही दिवस दबतो आणि गेजचे आकडेही फुगतात. मोजणीआधी तर ती अजिबात ओतू नका. डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन ‘धुणं’ त्याहून वाईट. जुन्या इंजिनाच्या तळाशी बसलेला गाळ सुटतो, ऑइल पंपाची जाळी तुंबते आणि धुराच्या नादात बेअरिंग जातात.

गेजला पाचपैकी चार. एक गुण कापला तो पेटीतल्या माहितीपत्रकामुळे, त्यात एक्सलेटर दाबायचं आणि चमचाभर ऑइलचं कुठेच लिहिलेलं नसतं. डिझेल ॲम्बेसेडर असलेल्यांनी हे घेऊ नये. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन ३०० पीएसआयच्या पुढे जातं, काटा पहिल्याच झटक्यात टेकतो आणि डायल कायमचा बिघडतो. त्यांना इंजेक्टरच्या किंवा हीटर प्लगच्या भोकात बसणारं, १००० पीएसआयपर्यंतचं वेगळं गेज लागतं. उलट, ट्रॅक्टर मिस्त्रीकडचं तसलं गेज पेट्रोल गाडीला लावू नका. त्या डायलवर ११० आणि ९० यांतला फरक डोळ्याला नीट दिसत नाही, आणि आपल्याला तोच फरक मोजायचा असतो.